जलसा रात्रीचा, शाळा सकाळची

(विहाराच्या वर्धापनदिनी दिलेल्या भाषणाचे शब्दांकन)



कमिटीने आम्हाला विषय दिला आहे 'जलशाचे दिवस'. सोबत असेही सांगितले आहे की, यंदा विहारातर्फे मुलामुलींचे कलापथक उभे करण्याचा विचार आहे, तेव्हा त्या दृष्टीने दोन शब्द बोलावेत. दोन शब्दांत आमचे भागणार नाही. ज्यांना जेवायची घाई असेल त्यांनी खुशाल उठावे, आम्ही वाईट वाटून घेणार नाही. गावोगाव फिरताना आमच्यासमोरून माणसे उठून गेली आहेत, आणि झोपलीसुद्धा आहेत.

आम्ही म्हणजे कोण, ते आधी सांगतो. घाटकोपर, विक्रोळी आणि मुलुंडच्या वस्त्यांतून जमलेली बारा-तेरा जणांची आमची पार्टी. कुणी कारखान्यात, कुणी गोदीत, कुणी महापालिकेच्या सफाई खात्यात, दोघे-तिघे शाळा सुटलेली पोरे. १९७० च्या सुमाराला आम्ही पार्टीत आलो तेव्हा मिसरूडही फुटलेले नव्हते. त्या बारा-तेरांतले आज चौघे उरलो आहोत. त्यांतले दोघे इथेच पुढे बसले आहेत. आमचे कुठे चुकले तर ते हात वर करतील.

आता जलसा म्हणजे काय, हे नव्या पोरांना सांगायलाच हवे. कारण परवा एकाने आम्हाला विचारले, "काका, जलसा म्हणजे ऑर्केस्ट्राच ना?" नाही बाळ. तमाशाचा घाट तुम्हाला ठाऊक आहे. आधी गण, मग गवळण, मग बतावणी, शेवटी वग. महात्मा फुल्यांनी २४ सप्टेंबर १८७३ ला पुण्यात सत्यशोधक समाज काढला. पुढे त्या विचाराच्या मंडळींनी तमाशाचा सांगाडा तसाच ठेवून आतला सगळा माल बदलला. अर्थात खुद्द जोतिरावांनी १८५५ सालीच 'तृतीय रत्न' हे नाटक लिहून वाट दाखवली होती. त्यात भोळ्या कुणबी नवराबायकोला लुबाडले जाते, विदूषक मध्येमध्ये प्रश्न विचारत राहतो, आणि शेवटी ती दोघे रात्रीच्या शाळेत जायला निघतात. हा शेवट ध्यानात ठेवा. नाटक संपल्यावर माणूस शाळेकडे वळला पाहिजे, हे त्या वेळेपासूनचे आहे.

बाबासाहेबांची चळवळ उभी राहिली आणि आंबेडकरी जलसे निघाले. 'मूकनायक' ३१ जानेवारी १९२० ला निघाला, 'बहिष्कृत भारत' १९२७ ला. पण वाड्यात वाचता येणारा एखादा. मग पेपरातले विचार वाड्यात पोचवायचे कुणी? ढोलकीने पोचवले. नाशिकला २ मार्च १९३० ला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. त्याच काळात त्या जिल्ह्यात भीमराव कर्डकांचा जलसा उभा राहिला. त्यांनी स्वतः पुढे 'आंबेडकरी जलसे' या नावाने पुस्तक लिहिले, ते १९७८ ला निघाले. ज्याला कलापथक काढायचे आहे त्याने ते आधी वाचावे. बाबासाहेब म्हणाले होते असे सांगतात की, आपल्या दहा सभांचे काम कर्डकांचा एक जलसा करतो. गणात गणपती गेला, बाबासाहेबांना आणि पुढे तथागताला वंदन आले. गवळणीतली छेडछाड गेली. मेलेली ढोरे ओढू नका, वतनाच्या तुकड्यासाठी लाचार होऊ नका, पोरांना शाळेत घाला, दारू सोडा, असे विषय आले. सोंगाड्या मात्र राहिला. त्याच्याकडे आपण पुन्हा येऊ.

आपल्या घाटकोपरचेही या कामात मोठे देणे आहे. अण्णाभाऊ साठे चिरागनगरच्या झोपडपट्टीत कित्येक वर्षे राहिले. 'फकिरा' १९५९ साली आली आणि ती त्यांनी बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केली. ज्या माणसाला शाळा जेमतेम दीड दिवस मिळाली त्याने हे लिहिले. १९४४ साली अमर शेख, द. ना. गवाणकर आणि अण्णाभाऊंनी लाल बावटा कलापथक काढले, तेही गावोगाव, गिरणीगोदीत, मैदानात फिरत राहिले. 'अकलेची गोष्ट', 'देशभक्त घोटाळे' ही लोकनाट्ये तेव्हाची. सरकारने बंदी घातली तरी थांबले नाहीत. त्यांचा झेंडा वेगळा, आपला वेगळा. पण रस्ता तोच धुळीचा. १९६९ साली १८ जुलैला अण्णाभाऊ गोरेगावला गेले आणि पुढच्याच महिन्यात अमर शेखांचा मोटारीच्या अपघातात अंत झाला. आमच्या मास्तरांनी त्या दोघांनाही ऐकले होते. मास्तर म्हणजे आमच्या पार्टीचे प्रमुख. पेटी तेच वाजवायचे आणि फार्सही तेच लिहायचे. कारखान्यात ते टाइमकीपर होते, त्यामुळे कागद वाचायची त्यांना सवय. ही गोष्ट पुढे कामाला आली.

तर फिरती. मुंबईत एप्रिल महिना जयंतीचा, वस्तीवस्तीत कार्यक्रम. १४ एप्रिल ते बुद्धपौर्णिमा आम्हाला श्वास घ्यायला उसंत नसे. पण खरी फिरती त्याच्या आधी, सुगी झाल्यावर, आणि नंतर मे महिन्यात. गावाकडची जयंती मे संपेपर्यंत चालते, कारण मुंबईची माणसे रजा काढून गावी आल्याशिवाय गाव जयंती करत नाही. रजा मिळेल त्याची रजा, न मिळेल त्याचा खाडा. एका साथीदाराच्या मुकादमाने त्याला सरळ सांगितले होते, "पुन्हा गेलास तर परत येऊ नको." तो गेला. परत आल्यावर त्याने तीन महिने कांदे-बटाट्याची गाडी लावली आणि संध्याकाळी तालमीला मात्र वेळेवर आला.

सामान काय असायचे? एक लोखंडी ट्रंक. तिच्यात पोलिसाची टोपी, सावकाराचा फेटा, काडीला दोरा बांधलेला चष्मा, दोन नऊवारी लुगडी, पावडरचा डबा. मग ढोलकी, डफ, तुणतुणे, झांजा आणि पेटी. पेटी एस. टी.च्या टपावर टाकायची नाही, हा मास्तरांचा हुकूम, कारण धुळीने सूर बसतात. म्हणून ती आळीपाळीने मांडीवर. कल्याणहून रात्रीची पॅसेंजर धरायची, नाशिक रोडला किंवा मनमाडला पहाटे उतरायचे, तिथून एस. टी., शेवटचे दोन-चार मैल बैलगाडी नाहीतर पायी. मांडीवर पेटी घेऊन सिन्नरच्या घाटातून गेलेल्या माणसाला गुडघेदुखीचे कारण डॉक्टरने सांगावे लागत नाही.

गावात पोचल्यावर पहिला प्रश्न उतरायचे कुठे. वस्तीतल्या समाजमंदिरात, नाहीतर कुणाच्या ओट्यावर. जेवायला सगळे एका घरी जायचे नाही. दोन-दोन माणसे एकेका घरी, हा मास्तरांचा दुसरा हुकूम. त्याचे कारण आम्हाला आधी वाटायचे की एका घरावर बोजा नको. ते तर होतेच. १९७२ च्या दुष्काळात आम्ही मुंबईहून पीठ बांधून न्यायचो, कारण गावात लाल मिलोच्या भाकरीखेरीज काही नव्हते आणि लोक दुष्काळी कामावर खडी फोडत होते. तशातही एका म्हाताऱ्या मावशीने आमच्या ताटात भाकरीबरोबर गुळाचा खडा ठेवला होता. पण खरे कारण वेगळे होते. दोन माणसे घरात जेवली की ते घर बोलू लागते. पोरगी शाळेत का जात नाही, विहिरीवर काय होते, कुणाचे कर्ज कुणाकडे, हे बारा जणांच्या पंगतीत कुणी सांगत नाही, चुलीजवळ सांगतात. जेवून परत आलो की मास्तर प्रत्येकाला विचारत, "काय ऐकलंस?" आणि त्या ऐकलेल्यातून रात्रीच्या बतावणीत चार ओळी नव्याने घुसायच्या. नावे कुणाची घ्यायची नाहीत. नाव न घेता गाव ओळखायचे.

कार्यक्रम रात्री दहाला सुरू. वीज बऱ्याच ठिकाणी नव्हती, दोन गॅसबत्त्या टांगायच्या. कर्णा असला तर तालुक्याहून बॅटरीसकट आणलेला. नसला तर गळा. चाली नव्या बांधायच्या नाहीत, माहितीच्या चालीवर शब्द बसवायचे. लावणीची चाल, भजनाची चाल, सिनेमाची चाल. काही शहाणे नाक मुरडतात की, आंबेडकरी गाणी सिनेमाच्या चालीवर म्हणजे उथळपणा. त्यांना आमचे सांगणे आहे की, चाल अनोळखी असली की ऐकणाऱ्याचे अर्धे चित्त चालीत जाते. चाल ओळखीची असली की सगळे चित्त शब्दाकडे. अडाणी माणसाला शिकवायचे तर हे कळले पाहिजे.

आमचा गाजलेला फार्स अंगठ्याचा. सावकार, त्याचा कारकून, एक गडी आणि त्याची बायको. गडी म्हणजेच सोंगाड्या. सावकार कागद पुढे करतो, गडी अंगठा पुढे करतो, आणि दोन्हींच्या मध्ये सोंगाड्याचे प्रश्न. "मालक, ह्या कागदावर माझा बैल कुठं हाय?" "हा काय, इथं." "मग शेपूट दिसंना!" लोक हसून हसून लोळायचे. हसता हसता गडी विचारतो, "आणि मालक, ह्यो बैल परत कधी हून यायचा, ते कुठल्या वळीत हाय?" इथे ढोलकी थांबायची. सावकाराला उत्तर येत नसे. मग गड्याची बायको पोराच्या पाटीवर गिरवलेले अक्षर दाखवते, आणि गाणे. बायकोचे काम आमच्यातलाच एक जण लुगडे नेसून करायचा, कारण जलशात बायका नसायच्या. तो प्रश्न विचारणारा सोंगाड्या हाच जलशाचा प्राण. भाषण करणारा उत्तरे देतो. सोंगाड्या प्रश्न विचारतो, आणि प्रश्न ऐकणाऱ्याच्या घरी मुक्कामाला जातो.

आणि आता मुख्य गोष्ट. मास्तरांचा तिसरा हुकूम असा की, कार्यक्रम झाल्यावर सकाळच्या पहिल्या एस. टी.ने निघायचे नाही. दुपारपर्यंत गावात थांबायचे. आम्हा पोरांना हे भारी जड जायचे. रात्री दोन-तीनला झोपलेलो, पुढच्या गावाला जायची घाई, आणि हे तिथे ओट्यावर बसून बिड्या ओढत आहेत! पण ते कुणाची तरी वाट पाहत असत.

१९७४ चा मे महिना. तेव्हाचा अहमदनगर, म्हणजे आताचा अहिल्यानगर जिल्हा. गावाचे नाव सांगत नाही, तिथली माणसे अजून तिथेच राहतात. रात्री अंगठ्याचा फार्स झाला. सकाळी आठच्या सुमाराला एक साठीचा माणूस आला. डोक्यावर मळके पागोटे, काखेत फडक्याची गुंडाळी. तो बराच वेळ काही बोलला नाही, नुसता पेटीकडे बघत बसला. मग म्हणाला, "मास्तर, रातच्या त्या कागदासारका माझ्याकडं बी एक हाय. वाचता का?"

मास्तरांनी चष्मा लावला आणि कागद वाचला. एकदा वाचला, मग मोठ्याने दुसऱ्यांदा. म्हाताऱ्याची समजूत अशी होती की, पोरीच्या लग्नाला त्याने तीनशे रुपये घेतले आणि जमीन तेवढ्यापुरती कसायला दिली. कागदात लिहिले होते की जमीन विकली. त्याला हे सहा वर्षे माहीत नव्हते. वाचून झाल्यावर त्याने एवढेच विचारले, "मंजी माझी न्हाई?"

आता ही जमीन कसली, ते सांगतो. महार वतनाची. १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ गावकामगारांची वतने बंद झाली आणि रक्कम भरून घेऊन त्या जमिनी वतनदारांच्याच नावावर पुन्हा देण्यात आल्या. बाबासाहेब १९२७-२८ पासून ज्या वतनाविरुद्ध बोलत होते, ज्याविरुद्ध कर्डकांच्या काळापासून जलसे गात होते, त्या वतनातून हात सुटला आणि जमीन हातात राहिली, असा तो कायदा. पण जमीन दिली ती नव्या शर्तीवर. म्हणजे कलेक्टरच्या परवानगीशिवाय ती विकता येत नाही. विकली असे कागदावर कितीही लिहिले तरी परवानगी नसेल तर त्या विक्रीत मोठी खोट आहे. हे मास्तरांना ठाऊक होते. त्यांच्या स्वतःच्या भावकीत असेच झाले होते. ते म्हणाले, "बाबा, घाबरू नका. आधी तलाठ्याकडं जाऊ, सातबारा काढू."

त्या दिवशी आम्ही गेलो नाही. पुढच्या गावाला निरोप पाठवला की एक रात्र उशिरा येतो. मास्तर, म्हातारा आणि आम्ही दोघे पोरे सहा मैलांवर तलाठ्याच्या सजाला गेलो. तलाठी तिसऱ्या खेपेला भेटला. सातबाऱ्यावर नाव म्हाताऱ्याचेच होते. फेरफार झालाच नव्हता. कब्जा मात्र दुसऱ्याचा. मास्तरांनी अर्ज लिहिला. आणि म्हाताऱ्याने मास्तरांकडून काडी घेऊन, जमिनीवर धुळीत, स्वतःच्या नावाचे पहिले अक्षर गिरवून पाहिले. अर्जावर शेवटी त्याने अंगठाच दिला; एका दुपारीत सही येत नाही. पण वाचून घेतल्यावर दिला.

संध्याकाळी गावातून विचारणा सुरू झाली. "हे मुंबईवाले कोण? यांना कुणी बोलावलं? नाचगाणं झालं ना, मग थांबलेत कशाला?" आम्ही दुसऱ्या दिवशी निघालो. पंधरा-वीस दिवसांनी वस्तीतल्या एका शाळकरी पोराचे कार्ड घाटकोपरला आले. गिरणीवर दळण घेत नाहीत, दुकानात मीठमिरची देत नाहीत, शेतावर कामाला बोलवत नाहीत. बहिष्कार म्हाताऱ्यावरच नव्हता, सगळ्या वस्तीवर होता.

बंधुभगिनींनो, फिरत्या पार्टीची खरी परीक्षा इथे होते. आम्ही रात्री पेटवतो आणि निघून जातो. आग सोसायची त्यांनी. त्या रविवारी आमच्या तालमीच्या खोलीत मोठे भांडण झाले. एकाचे म्हणणे, फार्स सौम्य करा. सावकाराच्या जागी कुणी परगावचा ठग दाखवा, म्हणजे कुणाला झोंबणार नाही. दुसऱ्याचे म्हणणे, आपण कलावंत, आपले काम गाण्याचे, कोर्टकचेरी पुढाऱ्यांनी बघावी. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य नव्हते असे नाही. पोटाला चिमटा कुणाला बसतो हे बघायलाच हवे. मास्तर सगळे ऐकून शेवटी म्हणाले, "फार्स तोच राहील. त्यात कमी आहे ती आपल्या पायाची." म्हणजे काय, तर त्या गावी आळीपाळीने जायचे. आणि आम्ही गेलो. दर पंधरा दिवसांनी दोघे जण, रविवार धरून. जाताना घाटकोपरच्या वस्तीतून जमवलेले धान्य, तेल, मीठ. तिथल्या तरुणांना घेऊन तालुक्याला मामलेदाराकडे, पोलीस स्टेशनला. या खेपांत जलसा नव्हता, पेटी नव्हती. अडीच महिन्यांनी गिरणी उघडली, कारण पेरणी तोंडावर आली होती आणि गावालाही मजूर हवे होते. हेही खरेच सांगितले पाहिजे. सगळेच काही आमच्या शौर्याने झाले नाही.

जमिनीचा निकाल लागायला चार वर्षे गेली. कब्जा मिळाला. सगळा नाही, बांधाकडचा तुकडा राहिलाच. म्हातारा त्याच्या आधी वारला, पण त्याच्या मुलाने त्या शेतात बाजरी केली आणि पहिल्या वर्षी पायलीभर आम्हाला आणून दिली. १९८० साली त्याची नात आमच्याच एका साथीदाराच्या घरी, विक्रोळीला, राहून मॅट्रिक झाली. ती आज शिक्षिका म्हणून निवृत्त आहे.

तर मास्तर सकाळी ज्याची वाट पाहत बसायचे तो हा माणूस. रात्री हजार माणसे बसतात, सकाळी एक येतो. कधी कागद घेऊन, कधी आजारी बायकोला घेऊन, कधी पोराला आश्रमशाळेत घालायचे म्हणून. बऱ्याचदा कुणीच यायचे नाही. तरी बसायचे.

वामनदादा कर्डकांचे नाव इथे घेतलेच पाहिजे. सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचा हा माणूस, जन्म १५ ऑगस्ट १९२२ चा. मुंबईत कामगार म्हणून आले, तरुणपणापर्यंत अक्षरओळख नव्हती. कुणीतरी पत्र वाचायला दिले, वाचता येईना म्हणून रडू कोसळले आणि मग जिद्दीने वाचायला शिकले, हे त्यांच्या चरित्रातले सर्वांना ठाऊक आहे. नंतर सगळे आयुष्य फिरतीवर. ज्या घरी मुक्काम त्या घरी गाणे लिहायचे, ते गाणे कधी तिथेच राहायचे. 'वाटचाल', 'मोहळ' अशी पुस्तके झाली, पण त्यांची कितीतरी गीते घराघरांच्या वह्यांत विखुरलेली. १५ मे २००४ ला ते गेले. त्यांची गाणी आज सगळे म्हणतात. त्यांचा मुक्काम मात्र कुणी करत नाही, आमचे दुखणे ते आहे.

बदल कधी झाला? कॅसेट आली तेव्हा. १९८० नंतर घराघरात टेपरेकॉर्डर, जयंतीला चौकाचौकात कर्णे. आम्ही कॅसेटच्या विरोधात नाही. प्रल्हाद शिंदे, विठ्ठल उमप यांचे आवाज कॅसेटमुळे आम्हाला रोज ऐकायला मिळाले आणि त्या आवाजांचे ऋण फिटणारे नाही. पण कॅसेटला सोंगाड्या नसतो. फार्स गळून पडला, गाणे उरले. पुढे मुकाबले आले, दोन गायनपार्ट्या समोरासमोर. मजा खूप, पण त्यात प्रश्न विचारला जातो तो समोरच्या पार्टीला हरवायला. मग ऑर्केस्ट्रा. सुपारी आधी ठरते, गाडी दारात उभी, शेवटचे गाणे झाले की रात्री एकला हायवे. सकाळी त्या वस्तीत कुणी फडक्यात कागद गुंडाळून आला तर त्याला तिथे काय दिसते? मांडववाला बांबू सोडतोय. पोटासाठी गाणाऱ्यांना आम्ही दोष देत नाही. कलावंताला बिदागी मिळालीच पाहिजे आणि पूर्वी ती मिळत नव्हती म्हणून किती घरे उघडी पडली हे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे.

आपल्या शेजारच्या मुलुंडचे शाहीर विलास घोगरे आव्हान नाट्य मंचात गायचे. १९८५ च्या 'हमारा शहर' या माहितीपटात झोपडपट्टीवाल्यांचे दुःख गाणारा तो आवाज त्यांचाच. ११ जुलै १९९७ ला आपल्या रमाबाई नगरात गोळीबार झाला, दहा माणसे गेली. चार दिवसांनी, १५ जुलैला, घोगऱ्यांनी स्वतःच्या खोलीत आयुष्य संपवले. यावर आम्ही जास्त बोलणार नाही. एवढेच म्हणतो की लोकांचे दुःख गळ्यात घेऊन हिंडणाऱ्याची विचारपूस करणारे कुणी असावे लागते. आमच्या पार्टीत ते होते. बारा जण एका ताटात जेवायचो, एक जण दोन दिवस गप्प राहिला की तिसऱ्या दिवशी मास्तर त्याच्या घरी हजर. नवे कलापथक काढाल तेव्हा ही जबाबदारी कुणाची, ते आधी ठरवा. ढोलकी नंतर घ्या.

आता कमिटीने विचारले म्हणून आमच्या अटी सांगतो. अटीच म्हणतो, सूचना नव्हे, कारण शिकवायला आम्हीच येणार आहोत.

नुसती गाणी बसवायची नाहीत. फार्स हवाच. विषय आजचे घ्या, सावकाराचा फेटा आता संग्रहात ठेवा. आता कर्ज मोबाइलवर मिळते आणि अंगठाही मोबाइलवरच द्यावा लागतो. झोपडपट्टी पुनर्विकासाच्या संमतीपत्रावर आपल्या आयाबहिणी न वाचता सही करतात. म्हणजे सही आली, वाचणे गेले. यावर फार्स होत नाही का? सोंगाड्याला विचारू द्या की, "साहेब, ह्या कागदावर माझी खोली कुठल्या मजल्यावर हाय?"

बायकांची कामे मुलीच करतील आणि सोंगाड्याही मुलगी होऊ शकेल. आमच्या वेळी लुगडे नेसणारा साथीदार इथे पुढे बसला आहे, तो हसतोय. पण चाळीस वर्षांपूर्वीच तो म्हणाला होता की हे काम माझ्या बहिणीने माझ्यापेक्षा चांगले केले असते.

आणि मुक्काम. गावी जा नाहीतर इथेच मानखुर्दला, मालाडच्या मालवणीत, अंधेरीच्या वस्तीत जा, रात्र तिथे काढायची आणि दुपारपर्यंत बसायचे. सोबत एक वकिलीचे शिकणारा, एक नर्सिंगची मुलगी असे दोघे-तिघे न्या. आपल्या वस्तीत आता ती पोरे आहेत, मास्तरांच्या वेळी नव्हती. आईवडिलांना मुलींच्या मुक्कामाची काळजी वाटणार, ती रास्त आहे. म्हणून महिला मंडळाच्या दोघी भगिनी प्रत्येक खेपेला बरोबर असाव्यात. नावे आजच द्यावीत.

मास्तरांची पेटी विहाराच्या कपाटात आहे. तीन सूर बसले आहेत आणि भाता एका बाजूने फाटला आहे. दुरुस्त करणारा दादरला आहे, त्याच्याकडे आम्ही बुधवारी नेतो, खर्चाचे कमिटीने बघावे. ढोलकी पावसाळ्यात उतरते, म्हणून तालीम दिवाळीनंतर न धरता आत्ताच धरावी. रविवारी सकाळी वंदना झाल्यावर नऊ वाजता, इथेच. वही-पेन्सिल आणावी. मोबाइल आणला तर चालेल, पण तो ट्रंकेत ठेवावा लागेल.

जयभीम. नमो बुद्धाय.